शनिवार सोडून

बेलापूर, सेक्टर अकरा, तिसरा मजला.
ऑफिस रिकामं झालं की हस्तबीर वर यायचा,
टोपी काढून टेबलाच्या कडेला ठेवायचा
आणि नकाशाकडे बघायचा,
आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा.

पैसे बिस्किटाच्या डब्यात जमले होते,
सानपाड्यापासून खारघरपर्यंतच्या गेटांवरचे,
एका मोमोवाल्याचे, दोन लिफ्टवाल्यांचे.
झाकणाला आडवा-उभा रबरबँड, त्याखाली वही,
वहीत नावं, नावापुढे सोसायटीचं नाव
जणू तेच गाव.

पहिल्या कागदावर मी डोंगर सपाट केला होता.
सवय. इथे तसंच करतात.
उलव्याकडे टेकडी उडवत होते तेव्हा
दुपारी आमच्या काचा थरथरायच्या
आणि हस्तबीर खुर्ची सोडून रस्त्यात उभा राहायचा,
रिक्षांच्या मधोमध,
काचा थांबेपर्यंत.
आम्ही वरून हसायचो. मीसुद्धा.

"मॅडम, ही सळई केवढी?"
बारा मीटर.
"गाडीरस्ता संपला की दीड दिवस खेचरावर.
वळणावर खेचर वळेल, सळई नाही वळणार."
मग सळया तोडल्या, चार-चार मीटरच्या केल्या,
जोड वाढवले, जोडांच्या जागा हलवल्या.
सिमेंटची गोणीही अर्धी केली,
पंचवीस किलो इकडे, पंचवीस तिकडे,
नाहीतर जनावर कलंडतं.
माझ्या कुठल्याच कोडबुकात खेचर नव्हतं.

भिंत दगडाचीच ठेवली, तिथे दगडच आहे.
पण हात-दीड हातावर एक लांब दगड आरपार,
जोत्यावर पट्टी, खिडकीखाली पट्टी, दारावर पट्टी,
त्या डब्याला रबरबँड होता तशा.
रिंगचं टोक आत वाकवायचं, मी म्हणाले,
पार गाभ्यात, एकशे पस्तीस अंश.
अंश त्याला कळेनात.
त्याने तर्जनी वाकवली.
"भरल्या बादलीची कडी धरतो, तसं?"
तसंच.
नकाशावर मी आकडा लिहिला.
तो मात्र गावच्या गवंड्यांना
फोनच्या कॅमेऱ्यासमोर बोट वाकवून दाखवत राहिला.

जुन्या शाळेचं मी फार उशिरा विचारलं.
"पडली. सगळीच."
आणि मुलं?
"शनिवार होता ना. आमच्याकडे सुट्टी शनिवारी.
आईची बकरी होती फक्त, सावलीला आत गेलेली."
हसला. मग टोपी उचलली,
दोन्ही हातांत फिरवत म्हणाला,
"दार आत उघडायचं, मॅडम.
बकरी दाराशीच सापडली."

मी खोडरबर घेतलं.
दाराचा पाव वर्तुळाचा कंस पुसला,
बाहेरच्या अंगाला काढला.
मग प्रत्येक वर्गाला दुसरं दार दिलं.
खर्च डब्यात मावेना,
तेव्हा वही पुन्हा एकदा गेटागेटांवरून फिरली
आणि परत आली ती अर्धी ओली, हळदीचा डाग लागलेली.

समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं मी:
रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र.
तिकडच्या इंजिनीअरने सही करताना विचारलं, हे काय?
हस्तबीर म्हणाला, असू द्या, पुसू नका.

फोटो आला, तिरका, कुणीतरी चालता चालता काढलेला.
हिरवा पत्रा, निळी दारं,
सगळी उघडी, बाहेरून भिंतीला टेकलेली.
मुलं कुठे आहेत?
"आज वार कुठला?" तो म्हणाला.

परवा ऐरोलीत लेकीच्या शाळेत पालकसभा होती.
चौथा मजला, पंचेचाळीस बाकं, एक दार.
बाई अपूर्णांकांबद्दल बोलत होत्या,
मी बिजागऱ्या बघत होते.
बाई, मी म्हणाले, हे दार...

त्यांना वाटलं मला उकडतंय.
त्यांनी पंखा वाढवला.